हार्डडिस्क कूलर: काही महिने वापरल्यावर, आणि त्या न दिलेल्या तिसऱ्या वायरीबद्दल

कूलरचे पंखे बंद पडले आणि डिस्कचं तापमान कूलर लावायच्या आधी जेवढं असायचं त्याच्याही वर गेलं. म्हणजे काहीच लावलं नसतं तर डिस्क जास्त थंड राहिली असती. हे कळल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, घाई असेल त्यांनी खाली उडी मारा.

कूलर म्हणजे तो आपला नेहमीचाच, ३.५ इंची डिस्कच्या पोटाला स्क्रूने बसणारी पट्टी, तिच्यावर ६० मिमीचे दोन पातळ पंखे आणि मोलेक्सची वायर, म्हणजे पीसीच्या वीजपुरवठ्यातून थेट वीज घेणारी जुन्या पद्धतीची चार पिनांची जोडणी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण उघडून बघितलं तर या सगळ्या पट्ट्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या आहेत, फक्त वरचा स्टिकर वेगळा.

आता कूलर लागतोच कशाला हे आधी बोलू, कारण खाली कमेंटमध्ये तेच येणार आहे. बहुतेक डेस्कटॉप डिस्कच्या डेटाशीटमध्ये चालू असतानाची मर्यादा ६० अंशांच्या आसपास दिलेली असते. गूगलच्या इंजिनिअर लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात तापमान आणि डिस्क मरण्याचा संबंध लोक समजतात तेवढा दिसलाच नाही, उलट फार थंड राहिलेल्या डिस्क जास्त मेलेल्या दिसल्या. हे सगळं मला मान्य. पण त्याच अभ्यासात तीन-चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये जास्त तापमानाचा फटका दिसतो, आणि माझी डिस्क त्याहून म्हातारी आहे, ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे), ग्राफिक्स कार्डाच्या गरम श्वासासमोर बसलेली. साध्या वापरात ४६-४७, आणि मोठा बॅकअप लावला की ५४. उन्हाळ्यात त्यावर अजून थोडं. नवीन डिस्क घेणं हा उपाय सगळ्यांना सुचतो, मला नाही सुचत, चालू असलेली वस्तू मी बदलत नाही.

आणि हाच कूलर का, तर एसएमपीएसची (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) मोलेक्सची टोकं वर्षानुवर्षं नुसती लोंबत होती. म्हटलं लागतील कामाला. मदरबोर्डाचा हेडर (पंखा जोडायच्या पिना) अडकवायला नको, काही सेटिंग नको. हा विचार तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

बसवताना तीन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगतो. पहिली म्हणजे स्क्रू. ३.५ इंची डिस्कला ६-३२ चे जाड आट्यांचे स्क्रू लागतात, आणि पुडीत मात्र बारीक आट्यांचे एम३ पण मिसळून आले होते, ते २.५ इंची डिस्कचे. एम३ भोकात सहज जातो, फिरतो फिरतो आणि घट्टच होत नाही, मग माणूस जोर लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. दोन स्क्रू शेजारी धरून बघा, आट्यांमधलं अंतर डोळ्यांनी दिसतं. लांब स्क्रू पण नको, पलीकडे सर्किट बोर्ड आहे. दुसरी, तुमच्या कॅबिनेटमध्ये डिस्क सरकत्या ट्रेमध्ये बसत असेल आणि तो ट्रे पोटाचीच भोकं वापरत असेल तर हा कूलर तुमच्यासाठी नाहीच, कारण तीच भोकं याला पण हवीत. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच नवीन डिस्कमध्ये तर पोटाची भोकं जुन्या जागेवर नसतातच, सरकवलेली असतात, तिथे पट्टी बसणारच नाही. तिसरी, पंख्यांमुळे खालचा कप्पा वाया जातो. दोन डिस्क एकावर एक असतील तर विसरा.

वाऱ्याची दिशा पण बघा. पंख्याची मोटर ज्या काड्यांनी धरलेली असते त्या बाजूने हवा बाहेर पडते, ती बाजू डिस्ककडे हवी.

सुरुवातीचे आठवडे मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३६, बॅकअपला ४१. (आकडा लगेच बघू नका, डिस्क म्हणजे धातूचा ठोकळा आहे, तापायला आणि निवायला वेळ घेते, अर्धा-पाऊण तास तरी जाऊ द्या.) आवाज होता, पण कॅबिनेट बंद केल्यावर सूंऽऽ असा एकसुरी, सवय झाली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून घे म्हटलं असतं आणि पाच स्टार पण दिले असते.

मग सकाळी पीसी चालू केला की खर्रर्र व्हायला लागलं, गरम झालं की थांबायचं. ज्यांनी स्वस्त पंखे वापरलेत त्यांना हा आवाज ओळखता येईल, स्लीव्ह बेअरिंगमधलं (नुसत्या तेलावर फिरणारं साधं बेअरिंग) तेल सुकतं तेव्हाचा. नंतर एकदम शांत झालं. मला वाटलं बसला मार्गी. शांत झालं कारण दोन्ही पंखे थांबले होते.

आणि मला हे कळलं ते बॅकअप चालू असताना डिस्क ५८ ला गेल्यावर, तेही सहज नजर गेली म्हणून. साध्या वापरात ५१ दाखवत होती. कूलर नव्हता तेव्हा ४७! कारण सरळ आहे, डिस्कचं सर्किट पोटाकडे असतं, मोटर चालवणारी चिप तिथेच, आणि त्यावर आता तुम्ही एक पट्टी आणि दोन मेलेले पंखे ठोकून झाकण लावलंय. आधी इकडून तिकडून जी काय थोडीफार हवा लागायची ती पण बंद. चालू असेपर्यंत कूलर, बंद पडला की गोधडी.

इथे येते माझी मुख्य तक्रार, आणि ती पंखा बंद पडला ही नाही. पंखे बंद पडतात, फिरणारी वस्तू आहे. तक्रार ही की या कूलरला दोनच वायरी आहेत, लाल आणि काळी. तिसरी वायर, जी पंखा किती फिरतोय हे मदरबोर्डाला सांगते, ती दिलेलीच नाही. साध्या ब्रशलेस पंख्याच्या आत हॉल सेन्सर मुळातच असतो, चुंबक कुठे आलंय हे कळल्याशिवाय मोटरची कॉइल कधी चालू-बंद करायची हेच समजत नाही, म्हणजे माहिती आत तयारच आहे, एका फेरीला दोन ठोके, ती फक्त बाहेर आणायची आहे. एक वायर! एक बारकी वायर आणि एक पिन वाचवली यांनी. ती असती तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) आरपीएम दिसला असता, बऱ्याच बोर्डांवर पंखा थांबला की इशारा लावता येतो, मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. ज्या वस्तूचा बंद पडण्याचा परिणाम ती नसण्यापेक्षा वाईट आहे, तिला आपण बंद पडलोय हे सांगायची सोय नको? बॉक्सवर मात्र निळ्या एलईडीचा फोटो. एलईडीला पैसे आहेत, वायरीला नाहीत.

कस्टमर केअरशी झालेलं बोलणं थोडक्यात देतो. मी पंखे फिरत नसल्याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, सर डिस्कचं तापमान किती आहे? मी म्हटलं बॅकअपला ५८. तर म्हणे सर ५८ मर्यादेच्या आत आहे, म्हणजे प्रॉडक्ट काम करतंय. मी विचारलं, पंखे फिरत नसताना कोणतं प्रॉडक्ट काम करतंय? तर म्हणे सर ॲल्युमिनियमची प्लेट पण उष्णता शोषते. वा. त्या प्लेटमध्ये आणि डिस्कमध्ये मोकळी जागा आहे, चारच कोपऱ्यांत स्क्रूने टेकलीय, काय शोषणार ती. मग मोलेक्स बदलून बघा, मग दुसऱ्या पीसीवर बघा, मग बिल पाठवा, मग तेच बिल स्पष्ट दिसत नाही परत पाठवा. शेवटी मी एवढंच लिहिलं की पंख्याची वॉरंटी आहे की प्लेटची ते लेखी कळवा. त्यानंतर बदलून द्यायला तयार झाले.

मधल्या काळात पंख्यांचा स्टिकर उचकटून बेअरिंगमध्ये शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब टाकला. एक लगेच सुरू झाला, दुसरा बोटाने ढकलल्यावर. थोडे दिवस चालले, पुन्हा खर्रर्र. सुकलेल्या स्लीव्ह बेअरिंगला तेल म्हणजे तात्पुरतं, आत झीज झालेली असते ती भरून येत नाही. पण फुकट होतं म्हणून करून बघितलं, तुम्ही पण बघा.

आणि मग तो प्रयोग केला ज्याने माझं मतच पालटलं. पट्टी पूर्ण काढली. जुन्या कॅबिनेटमधून काढून ठेवलेला १२० मिमीचा पंखा होता, तीन वायरींचा, तो डिस्कच्या पिंजऱ्यासमोर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून लावला आणि मदरबोर्डाच्या सिसफॅन या कॅबिनेटच्या पंख्यासाठीच्या हेडरला जोडून ७०० आरपीएमवर ठेवला. पाऊण तासाने बघतो तर ३८. बॅकअपला ४३. म्हणजे त्या किंचाळणाऱ्या जोडगोळीपेक्षा फक्त दोन अंश जास्त, आणि कान लावल्याशिवाय आवाज नाही. डिस्क चालू असताना सहा-सात वॅट उष्णता सोडते, तेवढ्याला वादळ लागत नाही, झुळूक पुरते, फक्त ती सतत लागायला पाहिजे. आणि डिस्कला जोडलेला पंखा नसल्यामुळे ती बारीक थरथर पण गेली, आधी कॅबिनेटवर हात ठेवला की बोटांना जाणवायची. वर हा पंखा उद्या मेला तर डिस्क परत ४७ ला जाईल, ५१ ला नाही.

एक त्रास आहे. बायोसला डिस्कचं तापमान कळत नाही, त्याला फक्त सीपीयू आणि बोर्डाचं कळतं, त्यामुळे ऑटोवर ठेवलं तर डिस्क तापली म्हणून पंखा वेग वाढवणार नाही. एकच वेग ठरवून सोडून द्या. व्होल्टेज फार उतरवू नका, काही पंखे चालू असताना ५ व्होल्टवर फिरत राहतात पण थांबलेले असतील तर त्यावर उठत नाहीत, हे बंद-चालू करून तपासा.

मग पट्टीचे एक-दोन स्टारच द्यायचे का? तसं लिहून पण ठेवलं होतं, पण माझी दुसरी डिस्क वर ५.२५ इंची डीव्हीडीच्या कप्प्यात ॲडॉप्टरवर लटकलीय, तिथे समोर बंद प्लास्टिक, पुढच्या पंख्याची हवा पोचतच नाही, ती आरामात ५० वर असते. अशा ठिकाणी पोटाला पंखा लावण्याशिवाय खरंच इलाज नाही. आणि कप्पा उंच असल्यामुळे जागेचा पण प्रश्न नाही. म्हणजे कल्पना टाकाऊ नाही, पंखे टाकाऊ आहेत. म्हणून तीन स्टार, दोन पट्टीला आणि एक त्या चार स्क्रूंच्या भोकांना, जी नेमकी जिथे पाहिजेत तिथे आहेत.

बदली कूलर आलाय, त्यालाही दोनच वायरी, निळी एलईडी शाबूत. तो सध्या वरच्या डिस्कला लावलाय आणि क्रिस्टलडिस्कइन्फोचा तापमानाचा इशारा ५० वरून ४५ वर आणून ठेवलाय, म्हणजे पंखे थांबले की निदान डिस्क तरी ओरडेल. त्यासाठी तो प्रोग्रॅम कायम चालू ठेवावा लागतो, एका वायरीच्या जागी. लिनक्सवाल्यांनी स्मार्टमॉनटूल्समधलं स्मार्टडी लावलं तरी तेच काम होतं.

पंखे तेवढे बदलायचेत. पट्टीवर १० मिमी जाडीचेच बसतात, १५ चा पट्टी आणि डिस्कच्या मधे अडकतो, पाती सर्किटला घासतील की काय अशी भीती वाटते. ६० मिमी, १० मिमी जाड, तीन वायरी, आणि स्लीव्ह बेअरिंग नको. कुणी असा पंखा सलग वर्षभर वापरला असेल तर कोणता ते सांगा, एलईडीवाला असेल तर राहू द्या.