नातवाच्या पंधरा शर्यती आणि तीन नंबरच्या सीटचा ब्रेक

एसटीत मी ३१ वर्षं चालक म्हणून काढली, सगळी सांगली डेपोत. सांगली-स्वारगेट इतक्या वेळा केली की खंबाटकीचा घाट कुठल्या गिअरवर चढायचा ते आजही डोळे मिटून सांगेन. हे आधीच सांगतो, कारण खाली जे लिहितोय ते स्टिअरिंग आणि ब्रेकबद्दल आहे आणि त्या दोन गोष्टींबद्दल मी ऐकीव बोलत नाही.

विश्रामबागच्या बाजूला शंभर फुटी रोडवर एका पोरानं रेसिंग सिम्युलेटर टाकलंय. पाटीवरही तेवढंच लिहिलंय, ‘रेसिंग सिम्युलेटर’. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारून अरुंद जिना, वर पहिल्या मजल्यावर मोठी खोली. २०१९ चा पूर बघितलेला माणूस महागाची यंत्रं तळमजल्यावर ठेवत नाही, त्यामुळं जिन्याबद्दल माझी तक्रार नाही. आत चार सीटा आहेत. लोखंडी सांगाडा, त्यावर बादलीसारखी खोल सीट, पुढं स्टिअरिंग, खाली पेडल, समोर तीन पडदे. मालक पंचविशीतला. कोल्हापूरला कार्टिंग, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यती, केलेलं पोरगं आहे. मुलं त्याला दादा म्हणतात, आता मीही दादाच म्हणतो.

माझा नातू चौदा वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात त्यानं इथं अख्खा सीझन केला. पाच आठवडे, दर शनिवार-रविवारी मिळून तीन शर्यती, एकूण १५. हा साचा दादानं मनानं काढलेला नाही. २०२२ साली आशियाची फॉर्म्युला रिजनल, म्हणजे फॉर्म्युला वनच्या काही पायऱ्या खालची, स्पर्धा अशीच झाली होती. जानेवारी-फेब्रुवारीत १५ शर्यती, सगळ्या अबुधाबीच्या यास मरिना आणि दुबई ऑटोड्रोमवर. ती जिंकली आर्थर लेक्लेरनं, म्हणजे फेरारीवाल्या चार्ल्स लेक्लेरच्या धाकट्या भावानं, आणि त्याची टीम होती आपली मुंबई फाल्कन्स. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या नावातलं आशिया जाऊन मिडल ईस्ट आलं. तीसुद्धा मुंबई फाल्कन्सकडून खेळणाऱ्या आंद्रेआ किमी अँटोनेलीनं मारली. तोच अँटोनेली २०२५ ला मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला, अठराव्या वर्षी. मुंबईचं नाव लावलेल्या गाडीतून पोरं तिथवर पोचली, हे मला सांगलीत बसून एका चौदा वर्षांच्या मुलाकडून कळलं.

दादानं भिंतीवर एक तक्ता रंगवून घेतलाय. आम्हाला एसटीत अवजड वाहनाचं लायसन्स आणि बॅज लागायचा, तसं फॉर्म्युला वनला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी तीन सीझनमध्ये ४० गुण जमवायचे. फॉर्म्युला फोरचा विजेता झालात तर १२, आशियाची रिजनल होती तेव्हा ती जिंकली तर १८. तक्त्याच्या तळाशी कार्टिंग आहे, त्याच्यावर फॉर्म्युला फोर, मग रिजनल, मग वर वर. नातवाला तो तक्ता तोंडपाठ आहे. दादाचं मला सगळ्यात आवडलेलं काम हे, की तो पोरांना खोटं स्वप्न विकत नाही. खऱ्या गाडीतल्या सीझनला काय पैसा लागतो ते तो पहिल्याच दिवशी आई-बापांसमोर स्पष्ट सांगतो. आणि जवळची वाटही दाखवतो: कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर मारुतीचं इंजिन घातलेल्या फॉर्म्युला एलजीबी गाड्या पळतात. आपल्या शेजारचा, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, त्याचाही फोटो लावलाय.

आता ब्रेक.

एका रविवारी नातवाची शर्यत संपली होती आणि चार नंबरची सीट अर्धा तास मोकळी होती. दादा म्हणाला, “काका, बसा की तुम्ही.” बसलो. यास मरिनाला पाचव्या वळणातून बाहेर पडलं की लांबलचक सरळ रस्ता लागतो. त्याच्या टोकाला डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळायचं. कडेला १५०, १००, ५० अशा, वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या पाट्या. मी दीडशेच्या आधीच पाय ठेवला, घाटात ठेवतो तसा. आधी हलका, मग वाढवत वाढवत. एसटीवाल्याचा पाय असाच घडलेला असतो. मागं माणसं उभी असतात, एकदम दाबला तर म्हातारी माणसं पुढच्या दांड्यावर आपटतात. इथं वळणाशी येईपर्यंत माझा पूर्ण जोर लागलेला, पुढची चाकं जाम झाली आणि गाडी स्टिअरिंगला न जुमानता सरळ निघून गेली. तीन वेळा तेच.

दादा शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, “काका, उलटं करा. पहिल्यांदाच सगळा जोर लावा, आणि मग सोडत सोडत या.” कारण विचारलं तर त्यानं नीट समजावलं. दोनशेच्या वर वेग असतो तेव्हा पुढच्या-मागच्या पंखांवरून जाणारा वारा गाडीला जमिनीवर दाबून धरतो. टायरची पकड तेव्हा सगळ्यात जास्त. वेग उतरतो तसा वाऱ्याचा दाब कमी होतो, पकड ढिली पडत जाते, म्हणून पायही त्याच मापानं उचलत आणायचा. या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस नाही, ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. जे काही आहे ते मांडीच्या ताकदीवर.

चौथ्या खेपेला जमलं. शंभरच्या पाटीवर दणका दिला आणि तिथून पाय सोडत आणला, तसं गाडीचं तोंड आपसूक आत वळलं. तळव्याखाली ब्रेक सुटतोय आणि हातात वळण भरतंय, दोन्ही एकाच वेळी. कराडच्या पुढं पहिल्या पावसात डांबरावर ऑइल आलेलं असलं की स्टिअरिंग हाताला एकदम हलकं लागतं. इथं पुढची चाकं घसरायला लागली की अगदी तसंच हलकं लागतं. इतका खरेपणा यंत्रात असेल असं मला वाटलं नव्हतं. ३१ वर्षांत ब्रेक असा उलट्या बाजूनं मला कुणी शिकवला नव्हता, आणि शिकवणारा माझ्या मुलापेक्षाही लहान आहे.

म्हणूनच तीन नंबरच्या सीटबद्दल लिहिणं भाग आहे. बाकी तीन सीटांचं ब्रेक पेडल ताकद मोजतं, म्हणजे किती जोरानं दाबलं त्यावर काम करतं. तीन नंबरचं जुनं आहे. ते फक्त किती खाली गेलं तेवढं मोजतं. स्प्रिंगही सैल झालीय. त्या सीटवर बसलेल्या मुलाच्या पायाला चुकीची सवय लागते, आणि पायाची सवय मोडायला फार वेळ लागतो हे मी कितीतरी शिकाऊ चालकांच्या बाबतीत बघितलंय. पैसे मात्र चारही सीटांना सारखेच. पंधरा मिनिटांचे १५०, तासाचे ४५०, अख्ख्या सीझनचे ४,५००. सीझनमध्ये सीटा आळीपाळीनं बदलतात, त्यामुळं अन्याय कुणा एकावर होत नाही हे खरं. पण शिकवणीच्या दृष्टीनं ती सीट दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी, हे मी दादाला तोंडावर सांगितलंय.

दुसरी तक्रार लाईटची. तेराव्या शर्यतीत चार लॅप राहिले होते. नातू तिसरा होता, त्याच लॅपमध्ये त्यानं एकाला मागं टाकून दुसरा नंबर घेतला आणि लाईट गेली. पडदे काळे. दादानं निकाल मागच्या पूर्ण लॅपवरून धरला, म्हणजे नातू परत तिसरा. १८ चे १५ गुण झाले. खऱ्या शर्यतीतही लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली आणि ती परत सुरू झालीच नाही, तर निकाल आधी पूर्ण झालेल्या लॅपवरूनच धरतात, तेव्हा नियम बरोबर होता. पोरगं घरी येईपर्यंत गप्प होतं, गाडीवर मागं बसून माझा शर्ट धरलेला सोडला नाही. नियमाला मी दोष देत नाही. पण सीझनचे पैसे आगाऊ घेणाऱ्यानं इन्व्हर्टर बसवला पाहिजे. सांगलीत उन्हाळी वादळं सुरू झाली की काय होतं ते त्यालाही माहीत आहे.

खोलीत एकच एसी आहे, दुपारी पुरत नाही. आवाज मोठा असतो, सोबत आलेल्या माणसानं गॅलरीत बसावं. मुलींनाही घेऊन या, तिथं दोघी नेमानं येतात. २०१८-१९ ची एमआरएफ चॅलेंज ही फॉर्म्युला गाड्यांची स्पर्धा जेमी चॅडविक नावाच्या मुलीनं जिंकली होती, आणि शेवटच्या शर्यती आपल्याच चेन्नईत झाल्या होत्या. तो फोटो दादानं दारातच लावलाय.

एक संध्याकाळ मात्र मी विसरणार नाही. १ सप्टेंबर २०२४ ला चेन्नईत आयलंड ग्राउंडच्या भोवतीनं, शहराच्या रस्त्यावर, रात्री दिव्यांच्या उजेडात फॉर्म्युला फोरच्या शर्यती झाल्या. साडेतीन किलोमीटरचा रस्ता, १९ वळणं. हीच शर्यत २०२३ च्या डिसेंबरात व्हायची होती, ती मिचौंग वादळानं पुढं गेली. या वेळीही शनिवारी पावसानं सगळं विस्कटलं. दादानं रविवारी सगळ्या पोरांना फुकट बोलावलं, मोठा पडदा लावला, घमेल्यात भडंग कालवलं. सराव चालू असताना ट्रॅकवर कुत्रं आलं होतं असं कुणीतरी सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. रस्त्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ते लगेच डोळ्यांपुढं दिसतं. दोन्ही बाजूंना भिंती, बाजूला घ्यायला जागा नाही, आणि आत जेमतेम पंधरा-सोळा-अठरा वर्षांची पोरं. पोरं ओरडत होती, नाचत होती. मी हात जोडून बसलो होतो.

दादाचा एक नियम आहे. सीझनमधला कुठलाही मुलगा लायसन्स नसताना रस्त्यावर मोटरसायकल चालवताना दिसला की त्याचे सगळे गुण शून्य. एकदा त्यानं हा नियम पहिल्या नंबरवरच्या मुलाला लावला. त्या मुलाचे वडील येऊन बरंच बोलले, पैसे परत मागितले. दादानं मोजून परत दिले, गुण दिले नाहीत. त्या दिवसापासून नातवाला मी तिथं एकट्याला सोडतो.

संध्याकाळी पाचनंतर गर्दी असते, सकाळी अकराच्या सुमारास जा. पायात पातळ तळव्याचे बूट असू द्या, चपलेवर बसू देत नाहीत. पाचपैकी चार. तीन नंबरचा ब्रेक बदलला की इथंच येऊन पाच करीन.