धोबी तलावची खेळाची दुकानं: शाळेसाठी सामान घ्यायचं असेल तर

शाळेसाठी खेळाचं सामान घ्यायचं असेल तर मुंबईत मरीन लाइन्सला उतरा आणि चालत धोबी तलावला, मेट्रो सिनेमाच्या चौकात या. ऑनलाइन कदाचित थोडं स्वस्त पडेल. पण इथे बॅट उचलून बघता येते, चेंडूची शिवण बोटाने चाचपता येते आणि शाळांना सामान देण्यात हयात गेलेली माणसं गल्ल्यावर बसलेली असतात.

आमचे मुख्याध्यापक गेल्या वर्षी गेले. शाळा लालबागची, मराठी माध्यमाची, मुलं बहुतेक चाळींतली. शोकसभेत छान भाषणं झाली. आम्ही जुन्या खो-खोवाल्या पोरी मागे थांबलो आणि ठरवलं की सरांच्या नावाने शाळेला खेळाचं सामान द्यायचं.

सरांचा खरेदीचा हिशेब वेगळा होता. एका वस्तूवर एका वेळी किती मुलं खेळतील, हा त्यांचा पहिला प्रश्न. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच धोबी तलावपासून जवळ, आझाद मैदानावर, शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक पालकाला शाळेची क्रिकेट टीम हवी होती. सरांनी क्रिकेट बंद केलं नाही, पण पैसे आधी गेले खो-खोच्या दोन खांबांवर आणि मैदान आखायच्या फक्कीच्या पोत्यांवर. पाठलाग करणाऱ्या ९ आणि पळणाऱ्या ३, म्हणजे एका वेळी १२ मुली मैदानात. शिवाय पायात बूट नसले तरी चालतं. पी.टी.च्या तासाला गणित घ्यायला कुणी शिक्षक आले तर सर स्वतः वर्गाच्या दारात उभे राहत. मुली संध्याकाळी सरावाला थांबायच्या, म्हणून ते आमच्या घरी येऊन आईवडिलांशी बोलले होते. माझ्या वडिलांना त्यांनी काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर होते.

म्हणून या चौकातली दुकानं मी त्याच प्रश्नावर जोखली. पहिल्या दोन ठिकाणी बजेट विचारलं आणि महागाची इंग्लिश विलो बॅट पुढे केली. तिसरं दुकान जुनं, अरुंद, वर माळ्यापर्यंत पॅड लटकलेले. तिथल्या काकांनी विचारलं, “मुलं किती? कितवीची? मैदान मातीचं की सिमेंटचं?” तिथेच आम्ही थांबलो.

पुढचा तासभर त्यांनी आम्हाला जे सांगितलं त्याचे वेगळे पैसे द्यायला हवे होते. इंग्लिश विलोचं लाकूड मऊ असतं, शाळेच्या रोजच्या आदळआपटीत ते टिकत नाही. काश्मीर विलो घ्या. नवी बॅट लगेच खेळायला देऊ नका. जवसाचं तेल हलक्या हाताने लावून मुरू द्या आणि लाकडी हातोडीने ठोकून घ्या. चेंडूचं तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं: मोठ्या पुरुषांचा लेदर चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, १३ वर्षांखालच्या मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा मिळतो. लहान हातांना तोच द्यायला हवा, आणि कित्येक शाळा सरसकट मोठाच घेतात. सोबत आणलेल्या सहावीतल्या मुलाच्या हातात त्यांनी तीन मापांच्या बॅटी दिल्या. एका हाताने सहज उचलता येईल तीच ठेवली. आम्ही बोट दाखवलं होतं त्यापेक्षा ती स्वस्त होती.

खो-खोचे खांब मात्र नीट बघून घ्या. जमिनीवर १२० ते १२५ सेंटीमीटर उंची हवी, आणि वरचं टोक गुळगुळीत. खांबावर सूर मारणाऱ्या मुलीचा दंड खडबडीत लाकडाने सोलवटून निघतो; माझ्या डाव्या दंडावर अजून खूण आहे. तयार खांबांचा एक जोड आम्हाला पसंत पडला नाही, तेव्हा काकांनी कुरकुर न करता सुताराकडून पुन्हा घासून आणला.

तक्रार एकच, पण मोठी. जर्सीची छपाई दुकान बाहेरून करून घेतं. शाळेचं नाव मराठीत हवं होतं. आलं तेव्हा जोडाक्षरं फुटलेली आणि एक वेलांटी गायब. दुरुस्त करून दिलं, पैसे मागितले नाहीत, पण मुली स्पर्धेला जुन्याच जर्सी घालून गेल्या. सरांच्या नावाने दिलेल्या जर्सी त्या दिवशी मुलींच्या अंगावर नव्हत्या, हे मला फार लागलं. छपाईचा नमुना कागदावर मागा, स्वतः वाचा, मगच होकार द्या.

जून-जुलैत शाळांची झुंबड असते, त्याआधी जा. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. पक्कं बिल शाळेच्या नावाने घ्या, साठा नोंदवहीला ते लागतं. आणि पी.टी.च्या शिक्षकांबरोबर दोन मुलं तरी न्या, एक पाचवीतलं आणि एक नववीतलं. सर नेहमी नेत.