नाडेप की गांडूळखत? गगनबावड्याकडच्या लहान गावासाठी

मेहुणा ग्रामपंचायतीत सदस्य आहे. परवा त्याचा फोन आला, "दाजी, ओल्या कचऱ्यासाठी नाडेप बांधू की गांडुळांचे बेड घेऊ? सफाई कामगार एकच आहे." त्याचं हे शेवटचं वाक्यच महत्त्वाचं.

नाडेप म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या नारायण पांढरीपांडे यांची कंपोस्ट खताची पद्धत. १० बाय ६ बाय ३ फुटांचं, भोकं ठेवून बांधलेलं विटांचं टाकं. पालापाचोळा, शेणकाला, माती असे थर द्यायचे, वरून शेणमातीनं लिंपायचं. विटा-सिमेंटचा खर्च एकदाच. भरताना मात्र चार माणसं लागतात, कारण टाकं एक-दोन दिवसांत भरलं तरच ते नीट कुजतं. तेवढा कचरा जमेपर्यंत तो साठवायला जागा हवी. पुढे तीन-चार महिने ओल राखायची आणि भेगा बुजवायच्या, एवढंच.

गांडुळांचा बेड स्वस्त, खतही दोनेक महिन्यांत आणि बारीक, चहापत्तीसारखं. पण राखण रोजची. ताजं शेण टाकलं तर उष्णतेनं गांडुळं मरतात. मुंग्या, उंदीर, कोंबड्या टपलेल्याच असतात. त्यात आपला पाऊस. गेल्या जुलैत एका बेडवरचं गोणपाट उचललं, तर कोपऱ्यात काळं पाणी आणि गांडुळं काठावर चढलेली. पक्कं छप्पर नाडेपलाही हवंच, पण गांडुळांच्या बेडवर एक गळकी जागाही महागात पडते.

प्लास्टिक दोन्हींत चालत नाही. घरातच वेगळं केलं नाही तर दोन्ही वाया.

एकच कामगार आणि वाड्या विखुरलेल्या असतील तर नाडेप. बचत गटाच्या बायका रोज बघणार असतील, खत विकायचं असेल, तर गांडूळखत. मेहुण्याला मी नाडेपच सांगितलं.