अक्रातलं वाचे: आधी भात चाखा, मग शिटो

घानाची राजधानी अक्रा इथे वाचे, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, घेताना बहुतेक जण शिटो (ही वर घालायची काळी तिखट चटणी) किती काळा आणि मासा केवढा, एवढंच बघतात. परीक्षा करायची ती भाताची. दाणा बिघडला असेल तर वर काहीही घातलं तरी ते सावरत नाही.

हौसा भाषेत ‘शिंकाफा दा वाके’ म्हणजे तांदूळ आणि चवळी. त्यातलं ‘वाके’ घानात ‘वाचे’ झालं. निमासारख्या झोंगो वस्त्यांशी, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या मुस्लिम कुटुंबांच्या मोहल्ल्यांशी, या पदार्थाचं नातं जुनं. आता ऑफिसला जाणारे, शाळकरी मुलं, ट्रोट्रोचे, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचे, ड्रायव्हर असे सगळे सकाळी एकाच रांगेत उभे असतात. विकणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. लोक जागे व्हायच्या आत पातेलं तयार हवं म्हणून त्यांची चूल पहाटेच्याही आधी पेटते.

चांगल्या वाचेचा रंग तपकिरी लाल, विटेकडे झुकणारा. तो येतो ज्वारीच्या ताटाला वेढून असलेल्या वाळक्या आवरणातून. ही पानं धुऊन, तुकडे करून चवळीबरोबर उकळतात. जोडीला चिमूटभर कानवा, म्हणजे खनिज खार, किंवा खाण्याचा सोडा. खारामुळे चवळी लवकर मऊ होते आणि रंगही गडद होतो. घरी करायचं तर २ वाट्या तांदूळ, १ वाटी चवळी, ६ ते ८ पानं आणि पाव चमचा सोडा पुरे. चवळी बोटाने दाबली जाईल इतकी शिजली, की मगच तांदूळ घालायचा. पानं शेवटी काढून टाकायची. आपल्याकडचा कडबा मात्र टाकू नये: सगळ्याच ज्वारीत हा रंग नसतो, आणि कोवळ्या हिरव्या पाल्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

बिघडतं कुठे? चवळी अर्धी कच्ची असताना तांदूळ पडला, की पुढे पाणी वाढवावं लागतं आणि भाताची खिचडी होते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि चवळी फुटून पीठ होते. पानं कमी घालून सोड्यावरच भागवलं असेल तर रंग मळकट, फिका दिसतो आणि पानांचा तो मातकट सुवास येत नाही. काही ठिकाणी वाफ कोंडायला भातावर प्लास्टिकची पिशवी दाबतात. गरम अन्नाला प्लास्टिक लावणं मुळीच पटत नाही. दिसलं तर पुढची टपरी गाठावी.

मागताना आधी पैसे सांगायचे: इतक्या सेडींचं (सेडी हे घानाचं चलन) वाचे. मग वरचं एकेक: तालिया (म्हणजे शेवया नव्हेत, स्पॅगेटी), उकडलेलं अंडं, वेले म्हणजे शिजवलेलं गाईचं कातडं, मासा, तळलेलं राजेळी केळं, कोशिंबीर. गारी, म्हणजे आंबवून भाजलेला कसाव्याचा रवा, आवर्जून घ्या. तो वर घातलेल्या रश्श्यातलं तेल शोषतो आणि दाताखाली किंचित करकरतो. शिटो मात्र एकच चमचा. सुकी मासळी, सुकट, आलं आणि मिरची तेलात काळी होईस्तोवर परतलेली असते. दोन चमचे झाले की चवळीची चव दबते.

शाकाहारी माणसाने सावध असावं. शिटोत सुकट असतेच, रश्श्यातही बहुधा मासा किंवा मांस. नुसतं वाचे, गारी आणि केळं एवढंच मागावं. थोडं कोरडं लागतं, पण भात चांगला असेल तर चालून जातं.

पार्सल पानातच मागा. पिशवीत वाफ कोंडून भात अर्ध्या तासात ओला होतो. पानात तो मोकळा राहतो, आणि पानाचा वासही लागतो. उशिरा गेलात तर तळाचा दाबलेला भात वाट्याला येतो, म्हणून नऊच्या आत पोचावं.