अकॅडमिक फ्रेजबँक: तालुक्याच्या महाविद्यालयातून पाहताना

मँचेस्टर विद्यापीठाचे ‘अकॅडमिक फ्रेजबँक’ हे संकेतस्थळ जॉन मॉर्ले यांनी तयार केले ते मुख्यतः इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा शोधनिबंध व प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी. अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर भागातल्या एका महाविद्यालयात एम.ए. इंग्रजीच्या वर्गाला निबंधलेखन शिकवताना मी ते नेहमी वापरतो. ते मोफत आहे, आणि पाने जवळजवळ निव्वळ मजकुराची असल्यामुळे रेंज जेमतेम असलेल्या खेड्यांतही मोबाइलवर उघडतात.

प्रस्तावना, संदर्भांचा उल्लेख, पद्धती, निष्कर्ष अशा निबंधाच्या भागांनुसार, तसेच तुलना करणे, व्याख्या देणे, कारणे सांगणे अशा कामांनुसार येथे तयार वाक्यरचना दिलेल्या आहेत. त्यांतील ‘बीइंग कॉशस’, म्हणजे जपून विधान करण्याचे पान, माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. आमचा विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आलेला असतो आणि इंग्रजी निबंध त्याने गाइडमधून पाठ केलेला असतो. बीटी कापसाने विदर्भातील शेतकऱ्याला बुडवले, असे तो बेधडक लिहून मोकळा होतो. वास्तविक 2002 मध्ये परवानगी मिळालेले हे बियाणे, 2017 ची गुलाबी बोंडअळी, पडलेले भाव, लांबलेला पाऊस आणि सावकाराचे कर्ज हा सगळा गुंता त्याच्या घराने सोसलेला असतो, आणि वऱ्हाडीत बोलताना तो हा गुंता व्यवस्थित उलगडूनही सांगतो. इंग्रजीत लिहायला बसल्यावर मात्र एकच कारण उरते, कारण ‘मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड टु’ (‘याचाही हातभार लागला असावा’) यासारखी रचना त्याच्या हाताशी नसते. ती हाती आली की निबंधातली समजही त्याच्या बोलण्यातल्या समजेच्या जवळ येते.

संदर्भांच्या उल्लेखाचे पानही उपयुक्त आहे. प्रत्येक समीक्षक ‘सेज’ एवढेच करतो अशी सवय लागलेल्या मुलांना ‘आर्ग्यूज’, ‘सजेस्ट्स’ आणि ‘क्लेम्स’ यांतून लेखकाचे आपले मत कसे डोकावते, हे तेथे उदाहरणांनिशी दाखवता येते. अशी वाक्ये उचलणे म्हणजे वाङ्मयचौर्य नव्हे का, असा प्रश्न दरवर्षी येतो. ही वाक्ये विषयनिरपेक्ष आहेत, त्यांत कोणाचा विचार नाही, हे त्याचे उत्तर. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018 च्या नियमांतही सलग 14 शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य मोजणीतून वगळले आहे.

उणिवा लहान नाहीत. परिच्छेदरचनेवर एक पान आहे, पण दाव्यामागे पुरावा कसा जोडावा, हे येथे फारसे शिकवलेले नाही. पूर्ण नमुना निबंधही नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला पद्धती व निकालांची पाने जवळजवळ निरुपयोगी आहेत, आणि कवितेच्या एखाद्या ओळीवर बोलायला लागणारी वाक्ये फारशी सापडत नाहीत. शिवाय वाक्यांची एवढी रेलचेल आहे की काही विद्यार्थी ‘फर्दरमोर’ आणि ‘इट इज इंपॉर्टंट टु नोट’ यांनीच पान भरतात, आणि बँडबाजा जोरात पण नवरदेवच नाही, अशा वरातीसारखा निबंध पुढे येतो. यात दोष संकेतस्थळाचा कमी आणि ते मार्गदर्शनाशिवाय वर्गाला देणाऱ्याचा अधिक.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी ते दाखवत नाही, कारण क्रियापदाच्या काळाशीच झगडणाऱ्याला या लांबलचक याद्या गोंधळात टाकतात. एम.ए.च्या आणि पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना मात्र त्याची शिफारस निःशंकपणे करीन, एका अटीवर: आपले म्हणणे आणि त्याचा पुरावा आधी मराठीत, हवे तर वऱ्हाडीत, चार-पाच वाक्यांत वहीत लिहून दाखवायचा, आणि त्यानंतरच मोबाइल उघडायचा.