पंच-डाय सेट बरेच महिने वापरल्यावर: अर्ध्या एमएमचा पंच आणि बाकीचा संसार

०.५ चा पंच मोडला म्हणून लिहायला बसलोय. नीट चालणाऱ्या वस्तूवर एवढं कोण लिहितंय?

सेट कसला असतो ते प्लॅस्टिकची स्केल मॉडेलं करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, प्लॅस्टिकच्या शीटमधून बारीक गोल चकत्या पाडायचं हत्यार. खाली भोकांची स्टीलची डाय, वर पारदर्शक ॲक्रिलिकची प्लेट, मधे प्लॅस्टिक शीट सरकवायची, स्क्रू आवळायचे, पंच घालायचा, छोट्या हातोडीनं एक टोला, खाली चकती. ०.५ ते २ एमएम. ऑनलाइन साडेतीन हजाराला पडला, कुरिअर वेगळं. साडेतीन हजार ही काय चेष्टा नाही, त्यामुळं पहिल्या दिवसापासून मी त्या डब्याकडं जरा संशयानंच बघत होतो.

घेतला कशासाठी तर माझ्याकडं मेंग कंपनीचा १/३५ चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, रोल्स-रॉईस आर्मर्ड कारचा (चिलखती गाडीचा) किट आहे, १९१४/१९२० पॅटर्नचा. किटबद्दल काही तक्रार नाही. पण मला करायची होती १९२१ ची इंडियन पॅटर्न, म्हणजे रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीच्याच चासीवरची, पण मागं चिलखत वाढवून आत जास्त जागा केलेली आणि वर डब्यासारख्या टरेटऐवजी (बंदुकीच्या बुरुजाऐवजी) घुमट, त्याला मशीनगन फिरवायला चार गोल खोबणी, बॉल माउंट. म्हणजे चासी, चाकं, बॉनेट किटमधून घ्यायचं आणि वरचं सगळं प्लॅस्टिक शीटमधून स्वतः कापायचं. आणि वरचं सगळं नवीन म्हटल्यावर रिव्हेटपण सगळी नवीन, एक चकती म्हणजे एका रिव्हेटचं डोकं.

आता गणित बघा. गाडीवरच्या रिव्हेटचं डोकं साधारण १७-१८ एमएमचं धरलं तर भागिले ३५ म्हणजे अर्धा एमएम. ०.६ ची चकती म्हणजे खऱ्यात २१ एमएम, तीपण चालवून घेता येते. ०.७ म्हणजे साडेचोवीस, इथं नजर पकडते, गाडीला गोवर आल्यासारखी दिसते. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉईसची आर्मर्ड कार ठेवलीय, तिच्यासमोर उभं राहून बघितलं की कळतं एवढ्या मोठ्या पत्र्यावर रिव्हेट किती बारीक दिसतात. तर सेटमध्ये साइझ कितीही असू देत, माझ्या कामाचा पंच एकच, अर्ध्या एमएमचा, बाकीचे त्याच्यासोबत आलेले वऱ्हाडी. आणि मोडला तोच.

मोडायच्या आधीचं आधी सांगतो, नाहीतर नुसती शिव्याशाप वाटेल. सुरुवातीचे काही महिने सेट नाद खुळा चालला. एव्हरग्रीन कंपनीची ०.१३ एमएमची प्लॅस्टिक शीट घातली की चकती कडेला एकदम साफ. त्याआधी मी रिव्हेट मागून सुई दाबून उठवायचो, पण तसली डोकी एकसारखी येत नाहीत, एक फुगीर तर दुसरं चपटं, आणि प्रायमर मारेपर्यंत कळत पण नाही. पंचच्या चकत्या चपट्या असतात हे खरंय, खरं रिव्हेट गोल टोपीचं असतं, पण चकती जागेवर बसल्यावर टामियाच्या हिरव्या झाकणाच्या पातळ सिमेंटचा नुसता ओला ब्रश टेकवला की कड विरघळून गोलसर होते. दोनदा टेकवला तर मात्र चकतीच गायब, पत्र्यावर डाग राहतो आणि तो घासताना शेजारची दोन जातात.

चकती उचलायला चिमटा वापरायचा नाही, उडते आणि परत सापडत नाही. बारीक ब्रशचं टोक ओलं करून उचलायची. स्टॅटिकचा ताप वेगळाच. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत चकत्या डायच्या पोटाला चिकटून बसतात, पडतच नाहीत. खाली ओला टिश्यू ठेवून काम केलं तेव्हा जरा पडायला लागल्या. पावसाळ्यात हा त्रास नाही, कोल्हापूरच्या जुलैत सगळं घरच ओलं असतं, चकत्या टपाटप खाली.

पण त्याच पावसाळ्यात डाय गंजली. काळं कोटिंग नुसतं दिसायला, भोकांच्या आत काही नाही, त्यामुळं भोकाच्या कडेला तांबूस आलं आणि पांढऱ्या चकत्यांना तपकिरी कड. शिलाई मशीनचं तेल लावलं तर गंज थांबला, पण तेलकट चकतीला सिमेंट धरत नाही. आता वापरून झालं की तेल, वापरायच्या आधी स्पिरिटनं पुसायचं, असं चाललंय.

तर पंच. एका संध्याकाळी मागच्या पत्र्याची शेवटची ओळ राहिलेली, टोला मारला, टिक असा आवाज, आणि हातात नुसता वरचा जाड दांडा. टोक डायमध्येच. खालून सुईनं ढकलून काढलं. शीट ०.१३ चीच, हातोडी तीच, काही वेगळं केलेलं नाही.

विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर, पंच कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही. मग वॉरंटी कशाला आहे? म्हणे डायला. अहो स्टीलचा ठोकळा मोडणार कसा, तो काय आम्ही पंचगंगेत टाकणार आहे का. मग विचारलं शीट किती जाडीची वापरली. हा प्रश्न रास्त आहे, पंचच्या व्यासापेक्षा जाड शीट घातली तर पंच जाणारच, म्हणून शीटचा आणि कॅलिपरचा फोटो पाठवला. त्यावर म्हणे तुटतानाचा व्हिडिओ पाठवा. म्हणजे मी रोज टोला मारायच्या आधी मोबाईल लावून बसायचं? पुढं बरेच दिवस नुसत्या निळ्या टिका. शेवटी एकदाचं पाकीट आलं, उघडलं तर आत पंच, २ एमएमचा. दोन एमएम गुणिले ३५, सत्तर एमएम. सत्तर एमएमचं रिव्हेट आर्मर्ड कारला कुठं मारू?

इथपर्यंतचं चिडून लिहिलंय, तसंच ठेवतोय. पुढचं उद्यमनगरातून, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातून, आल्यावरचं आहे आणि मत जरा बदललंय.

शिवाजी उद्यमनगरात एक टूलरूमवाले मामा आहेत, घुमटाचा साचा त्यांनीच लेथवर काढून दिला होता. त्यांच्याकडं मोडका पंच घेऊन गेलो. मला वाटत होतं स्टील कच्चं असणार. मामांनी डोळ्याला भिंग लावलं, पंच फिरवून बघितला आणि म्हणाले, "काय ओ, कुणी केलाय ह्यो? कॉर्नर बघा की, पाक काटकोनात मारलाय. रेडियस कुठाय?" ३ एमएमचा दांडा जिथं एकदम अर्ध्या एमएमवर येतो तिथं गोलाई दिलेलीच नव्हती, सगळा ताण त्या एका रेषेवर, आणि मोडला पण बरोबर तिथंच. स्टील चांगलं आहे म्हणाले, कानसेला दाद देत नाही.

मग ॲक्रिलिकची प्लेट मागितली, उजेडात धरली आणि हसले. अर्ध्या एमएमचं भोक लांबट झालेलं. एवढे महिने पंच खालीवर होऊन ॲक्रिलिक झिजलं, मग पंच तिरका जाणार, डायच्या कडेवर बसणार आणि मानेत वाकणार. "वाट दावणारंच ढिलं म्हटल्यावर त्यो बिचारा काय करणार." म्हणजे विकणाऱ्यानं नवीन ०.५ चा पंच वेळेवर पाठवला असता तरी तोपण काही दिवसांत गेलाच असता.

तेव्हापासून माझा सगळा राग त्या ॲक्रिलिकच्या भोकावर आहे. स्टीलचा पंच, स्टीलची डाय, आणि दोघांना सरळ रेषेत धरायचं काम प्लॅस्टिककडं? भोक सरळ पाडायच्या साध्या ड्रिल जिगला पण कडक बुश (भोकात बसवायची धातूची नळी) घालतात, हे उद्यमनगरात पोरगं पण सांगेल. वरची प्लेट स्टीलची करून द्यायला मामा तयार होते, पण मी नको म्हटलं, कारण मग खालची शीट दिसत नाही. पारदर्शक असल्यामुळं आधीच्या भोकाला अगदी खेटून पुढचं भोक पाडता येतं आणि शीटचा इंचन्‌इंच वसूल होतो. एव्हरग्रीनची शीट इथं काय भावानं मिळते ते घेणाऱ्याला माहीत आहे. बोल्टच्या डोक्यांसाठी तर मी आईस्क्रीमचे कप पण कापतो, बुडाला त्रिकोणात ६ लिहिलेलं असलं की ते पॉलिस्टायरीन, सिमेंट धरतं. ५ असलं तर पॉलिप्रॉपिलीन, त्याला काही चिकटत नाही, टाकून द्या.

मग बुशच घालायचा ठरलं, आणि तो मिळाला मेडिकलमध्ये. इंजेक्शनची २१ गेजची सुई, हिरव्या बुडाची. मॉडेलमध्ये बारीक पाइप करायला मी ह्या सुया आधीपासून वापरतो, त्यामुळं मापं पाठ आहेत, बाहेरून साधारण ०.८२, आतून ०.५१. अर्ध्या एमएमच्या पंचला ह्याच्यापेक्षा नीट बुश कोण करून देणार? सुई कटिंग डिस्कनं प्लेटच्या जाडीएवढी कापली. पक्कडीनं कापायची नाही, तोंड दबतं. दोन्ही तोंडं ऑइलस्टोनवर घासली, आत उठलेली धार (बर) काढली. झिजलेलं भोक मामांनी ड्रिल प्रेसवर मोठं करून दिलं, बुशातून एक तार खाली डायच्या भोकापर्यंत घालून ठेवली म्हणजे रेषा चुकत नाही, आणि अराल्डाइट लावून रात्रभर तसंच ठेवलं.

पंच पण नवीन केला, गिटारच्या तारेचा. प्लेन स्टीलची ०.०२० इंचाची तार म्हणजे ०.५०८ एमएम. डायमध्ये आधी घालून बघितली, गेली, बुशातून पण सरकली. ३ एमएमच्या दांड्याला मामांनी मधोमध भोक मारलं, त्यात तार चिकटवली, टोक बुशात धरून दगडावर काटकोनात घासलं. तार दांड्याच्या आत जाते म्हटल्यावर तो मानेचा काटकोन राहिलाच नाही. सगळ्याचे मिळून शंभर रुपये घेतले, तेपण मी खिशात कोंबले म्हणून. सुई आणि तार धरली तरी कुरिअरच्या खर्चात बसतंय.

आणि आता चकती बघा. आधी एका बाजूला अगदी बारीक मिशी यायची, नखानं काढावी लागायची, मी समजत होतो प्लॅस्टिकच तसलं असतंय. आता मिशी नाही. भिंगाखाली धरली तर चारी बाजूनं एकसारखी कड. विषय हार्ड. ०.६ च्या भोकाला पण तसंच केलं, त्याला पिवळ्या बुडाची २० गेजची सुई, पण ती पंचला जेमतेम होते, आतून जरा घासावी लागली.

घुमटाचं थोडक्यात. मामांनी लेथवर काढलेला ॲल्युमिनियमचा साचा, १ एमएमची शीट प्लायवुडच्या गोल भोकाच्या चौकटीला चारी बाजूनी पिना मारून बसवली, गॅसवर लांबून गरम केली, मधे पोट सुटायला लागलं की साच्यावर एका दमात खाली दाबायची. पॉलिस्टायरीन शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, त्याच्या पुढं जास्त वेळ ठेवलं तर भोक पडतं आणि वास सुटतो. आईनं पोळ्या झाल्याशिवाय गॅस दिला नाही आणि वासावरून जे बोलली ते इथं लिहीत नाही. गरम दाबताना शीट बाजूनं ताणून पातळ होते, म्हणून १ ची घेतली. सरळ पत्रे मात्र ०.३८ च्या शीटचे, चिलखत १२ एमएमचं म्हणजे ह्या स्केलला ०.३४, तेवढं सँडिंगमध्ये निघून जातं. घुमटाच्या गोलाईवर चकत्या बसवताना पेन्सिलची रेघ आधी मारा, सपाटीवर चालणारा अंदाज तिथं चालत नाही.

मग घ्यावा का हा सेट? १ एमएमच्या पुढचंच काम असेल, वॉशर, झाकणं, हेडलॅम्पचे मागचे भाग, तर बिनधास्त घ्या, मोठ्या भोकांना झीज दिसत नाही, ते पंच आल्यासारखेच आहेत. १/३५ ची रिव्हेट मारायची असतील तर हाच घ्या पण डबा आल्या आल्या सुईचा बुश बसवा, पंच मोडायची वाट बघू नका. डाय चांगली आहे, भोकांची फिनिशिंग खरोखर चांगली आहे, हे मामांनी सांगितलं आणि ते उगाच कुणाचं कौतुक करत नाहीत. डायला साडेतीन स्टार, प्लेटला शून्य, सर्व्हिसबद्दल वर लिहिलंच आहे.

२ एमएमचे पंच आता दोन झालेत, एक सेटमधला आणि एक त्यांनी प्रेमानं पाठवलेला. दुसरा पाकिटातून बाहेर पण काढलेला नाही. १/३५ वाल्यांना त्याचा काही उपयोग नाही, पण कोणी १/६ वगैरे करत असेल तर कोल्हापुरात येऊन घेऊन जावा, कुरिअरचा खर्च मी आता कुणासाठी करणार नाही.