चुंबकीय ऑक्साइडांसाठी लूप ट्रेसर : वर्षभराच्या वापरानंतर

इंदूरच्या आमच्या महाविद्यालयात वर्षभर वापरलेल्या फेरोइलेक्ट्रिक लूप ट्रेसरविषयी, म्हणजे नमुन्यावर बदलते व्होल्टेज देऊन त्याच्या विद्युत-ध्रुवणाचा वक्र काढणाऱ्या यंत्राविषयी, लिहीत आहे, कारण चुंबकीय ऑक्साइडांवर काम करणाऱ्यांनी हे यंत्र घेण्यापूर्वी त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही जाणून घ्याव्यात.

आम्ही तपासलेल्या बिस्मथ फेराइट या बिस्मथ-लोहाच्या ऑक्साइडमध्ये विद्युत-ध्रुवण (धन व ऋण प्रभार एकमेकांपासून किंचित सरकणे) येते ते बिस्मथच्या बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-जोडीमुळे आणि चुंबकत्व येते ते लोहामुळे. म्हणूनच सुमारे 1100 केल्विनपर्यंत टिकणारे ध्रुवण आणि सुमारे 643 केल्विनपर्यंत टिकणारी चुंबकीय मांडणी एकाच स्फटिकात नांदतात. मात्र नमुन्याची दाबून केलेली गोळी भट्टीत भाजताना थोडे बिस्मथ उडून जाते, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि गोळीतून विद्युतधारा झिरपू लागते. आमच्या पहिल्या गोळीचा वक्र छान फुगीर, टोकांना गोलसर आला. विद्यार्थी हरखून गेले, पण तो ध्रुवणाचा नव्हे, गळतीचा वक्र होता. एकाच दिशेचे दोन विद्युत-स्पंद लागोपाठ देऊन (दुसऱ्या वेळी ध्रुवण उलटत नाही, गळती मात्र होतेच) पहिल्याच्या प्रभारातून दुसऱ्याचा वजा करण्याची सोय या यंत्रात आहे, त्यामुळे ही गळती बरीचशी वेगळी काढता येते, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीच पैसे वसूल होतात.

टर्बियम मँगनाइट या दुसऱ्या चुंबकीय ऑक्साइडसाठी मात्र हे यंत्र घेऊ नये. 2003 साली उजेडात आलेले त्याचे ध्रुवण मँगनीजच्या स्पिनांच्या (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांच्या) सर्पिल मांडणीतून, सुमारे 28 केल्विनखाली उपजते आणि फार क्षीण असते. या यंत्राला तर नमुना इतका थंड करणारा शीतकच नाही.

नमुना दाबून धरणारी स्प्रिंगची पिन चार महिन्यांत सैल झाली. विक्रेत्याने ती विनामूल्य बदलून दिली, पण तीन आठवडे लावून.